सेल्मरची खुर्ची

सोमवार, २० मे
तलाव, सतरा नंबरची जागा

सेल्मर,

हे समेटाचे पत्र नाही, तेव्हा पाकिटावरचे माझे अक्षर पाहून केराच्या टोपलीत टाकू नकोस. काम आहे.

तुझी घडीची खुर्ची, निळ्या पट्ट्यांची, जी तू त्या मासेजेवणाच्या दिवशी इथेच टाकून गेलास, ती बारा वर्षे माझ्या राहायच्या ट्रेलरमध्ये फिरते आहे. दर मे महिन्यात मी ती बाहेर काढते, दर सप्टेंबरात आत ठेवते, आणि दर वेळी तिचा पाय माझ्या नडगीला लागतो. ट्रेलर म्हणजे गोदाम नव्हे. या उन्हाळ्यात येऊन ती घेऊन जा. मेडिसिन हॅटहून सकाळी निघालास तर जेवायच्या वेळेला पोहोचशील. जेवण घालायला मी बांधील नाही, पण घालीन.

इथे फारसे बदललेले नाही. तंबू-ट्रेलरच्या जागा मात्र आता कॉम्प्युटरवर धराव्या लागतात. एप्रिलमध्ये सकाळी बुकिंग उघडते आणि चहा गाळेपर्यंत पाण्याकाठच्या सगळ्या जागा कॅल्गरीच्या शहरवाल्यांनी नेलेल्या असतात. सतरा नंबर मिळावा म्हणून एका कॉम्प्युटरवर मी बसले आणि दुसऱ्यावर नेटी पावलुक. शाळेत जन्मभर पोरांना 'धक्काबुक्की करू नका' सांगितले आणि म्हातारपणी हे. यंदा जागा पूर्ण मोसमासाठी घेतली आहे. नेटी अजून शेजारी अठरा नंबरवरच असते. तिचा नवरा पीटर गेल्याचे तुला कळले असेल. नसेल तर आता कळले.

वारा तसाच. काल नेटीच्या टेबलावरचे कापड उडून विसाव्या जागेवरच्या माणसाच्या तोंडावर जाऊन बसले. "चला, ओळख तरी झाली," ती म्हणाली.

आर्विड बरा आहे. थोडा थकतो. शनिवारी त्याने सगळ्यांना हसवले. स्वयंपाकाचा तंबू त्याने लाकडांच्या ओळीच्या खाली, पार ओल्या वाळूपाशी ठोकला. गेल्या जुलैत पाणी जिथवर चढले तिथे वाहून आलेल्या ओंडक्यांची ओळ पडलेली आहे. तिच्या खाली मे महिन्यात तंबू ठोकणारा तो कॅल्गरीचा, असे तुझा हाच भाऊ इतकी वर्षे म्हणत आला. "पाऊस नाही म्हणून निजू नका, साहेब. डोंगरातला बर्फ इथे जुलैत पोहोचतो." हे त्याचे वाक्य आता कॅम्पमधले लोक त्याच्याच आवाजात म्हणून दाखवतात.

मग रिवाजाप्रमाणे त्याची लाल टोकाची खुंटी. डोंगरातल्या बर्फाचे आकडे वाचून, जुलैअखेरीस पाणी कुठवर येणार ते तो ठरवणार, तिथे खुंटी ठोकणार, आणि सगळा कॅम्प आपल्या होड्या तिच्या वर बांधणार. बघायला मंडळी जमली होती. यंदा त्याने ती पाण्याच्या अगदी काठाशी ठोकली आणि म्हणाला, "झालं." कुणीतरी विचारले, "काय आर्विड, यंदा डोंगर विकायला काढले का?" सगळे हसले. तोही हसला.

सकाळी पाहिले तर खुंटी वर, लाकडांच्या ओळीशी होती. नेटी म्हणते, तिला यातले काही माहीत नाही. तिच्या बुटांना वाळू लागलेली होती.

खुर्चीचे कळव.

व्हर्ना


बुधवार, १२ जून

सेल्मर,

तुझे कार्ड मिळाले. 'खुर्ची जाळ.' बारा वर्षांनंतर दोन शब्द. तुमच्या घरात लांब पत्रे लिहायची पद्धत नव्हती हे मला लग्नापासून ठाऊक आहे, तेव्हा मी ते लांबच धरते.

जाळता येणार नाही. पाऊस नसल्यामुळे सोमवारपासून शेकोट्यांवर बंदी आहे. शिवाय तिचा सांगाडा अॅल्युमिनियमचा आहे. माझ्या रसायनशास्त्राच्या वर्गात बसला असतास तर असे लिहिले नसतेस.

पाणी चढू लागले आहे. स्वयंपाकाचा तंबू मी वेळेवर वर आणला, पण दोन मेखा गेल्या. आर्विड काठावर उभा राहून त्या जागेकडे बघत होता.

"हे पाणी कुठनं आलं?" त्याने विचारले.

"डोंगरातनं," मी म्हटले.

"अस्सं?" म्हणाला, जणू नवीनच काही कळले.

थट्टा करायची त्याची सवय तुला माहीत आहे.

गाडी हल्ली मी चालवते. तो म्हणतो, "तू चालवायला बसलीस की मला डोळे मिटून प्रार्थना करायला वेळ मिळतो." सकाळी तो थर्मास घेऊन, होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर जाऊन बसतो. होड्यांचे येणारे-जाणारे ट्रेलर बघतो. कप दोन नेतो. दुसरा कुणासाठी, ते मी विचारलेले नाही. परवा एक हिरवी होडी आली. फायबरची, मागे भलीमोठी मोटार. तो उठून उभा राहिला. जवळ आल्यावर पुन्हा बसला.

सहज विचारते. तुमची हिरवी होडी अजून पाण्यात जाते का?

तुम्ही दोघांनी ती गोठ्यात बांधली त्या हिवाळ्यात मी तुमच्या घरात आले नव्हते. धरण नुकते बांधले होते, खोऱ्यात अजून गुरे चरत होती, आणि तुमचे वडील रोज दारात उभे राहून म्हणायचे, "आधी पाणी तर येऊ द्या रे." आर्विड वीस वर्षांचा, तू चौदाचा, रंधा मारायला त्यानेच तुला शिकवले. हे सगळे मी इतक्यांदा ऐकले आहे की त्या गोठ्यातला रंगाचा वास माझ्याही नाकात बसला आहे.

ती होडी तू नेलीस त्याबद्दल एकदा लिहून टाकते, मग विषय बंद. मागची फळी कुजली होती. हा नुसता 'करू, करू' म्हणत होता. तू ऑक्टोबरात ती दुरुस्तीला नेलीस. पण न सांगता नेलीस. आणि त्याने पुढच्या जुलैत, मासेजेवणाला, सगळ्या कॅम्पसमोर तुला चोर म्हटले. तू ताट शेकोटीत फेकून निघून गेलास. दोघांचेही चुकले. तुमच्या उत्तरपत्रिका माझ्याकडे आल्या असत्या तर दोघांनाही पस्तीसच्या वर दिले नसते.

खुर्ची बाहेरच ठेवली आहे. ऊन लागून पट्टे विटताहेत.

व्हर्ना


रविवार, ३० जून

सेल्मर,

काल नेटी पेरोगीचा, तिच्या त्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांचा, डबा घेऊन आली. तिला वाटते की मी स्वयंपाक करत नाही. टेबलावर पाकिटे बघून तिने विचारले, "सांगितलंस त्याला?"

"कुणाला?"

"पोस्टमनला. कुणाला म्हणजे? सेल्मरला."

"खुर्चीबद्दल लिहिलंय मी."

"व्हर्ना, तू बाई शिकलेली आहेस. पण स्मृतिभ्रंश खुर्चीला झालेला नाही."

तेव्हा आता लिहिते.

गेल्या नोव्हेंबरात डॉक्टरांनी सांगितले. त्याआधी वर्षभर मला दिसत होते, पण मी त्याला 'लक्ष दे' म्हणून रागवत असे. खुंटी ही थट्टा नव्हती. त्याने ती ठोकली तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. लोक का हसताहेत हे त्याला कळले नव्हते. सगळे हसले म्हणून तो हसला. नांगर कुठला, कापणीचे कोंबाइन कुठले, हे तो हिवाळ्यातच विसरला होता आणि ते मी सोसले. पण या पाण्याचे गणित तो विसरेल असे मला कधी वाटले नव्हते.

आमची मुलगी मारीत आता सॅस्कटूनला नर्स आहे. तुझ्या पुतणीने खटपट करून गावातल्या वृद्धाश्रमात त्याच्यासाठी खोली मिळवली आहे. सप्टेंबरपासून. मी सत्तर वर्षांची आहे, आणि तो दोनदा घरातून बाहेर पडून शेतातून चालत गेला; एकदा उणे वीस अंशांच्या थंडीत. म्हणून होकार दिला. म्हणूनच जागा पूर्ण मोसमाची घेतली.

उतारावर तो तुझी वाट बघतो. रोज. "सेल्मर होडी घेऊन येतोय," म्हणतो, "त्याला एकट्याला उतरवता येत नाही. ट्रेलर डावीकडे नेतो गाढव." भांडण त्याच्या डोक्यातून पुसून गेले आहे. सुरुवातीला मी त्याला खरे काय ते सांगणार होते, कारण खोट्याला मान डोलावणे मला जमत नाही. तोंड उघडले आणि मिटले. आता ते भांडण जगात फक्त तुझ्याकडे आणि माझ्याकडे आहे. माझ्याकडचे मी खाली ठेवले.

मी गळ घालत नाही. गेल्या पंचेचाळीस वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितले असेल तर येताना अंडी आण एवढेच. आता मागते. होडी घेऊन ये. होडी नसली, मोडली असली, विकली असली, तरी तू ये.

काही सूचना आहेत. 'मी कोण, सांग' असे विचारू नकोस. ती परीक्षा होते आणि तो नापास झाला की दिवसभर गप्प बसतो. 'आठवतं का' हे शब्द वापरू नकोस. तो एकच गोष्ट पुन्हा सांगेल, ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐक. रडायचे असेल तर शौचालयांच्या मागे काराग्यानाच्या झुडपांच्या कुंपणाआड जागा आहे. मी तीच वापरते.

तो तुला ओळखेलच याची हमी मी देत नाही. न देणेच प्रामाणिक.

उशीर करू नकोस.

व्हर्ना


मंगळवार, १६ जुलै

सेल्मर,

तू शनिवारी आलास, रविवारी चारला गेलास, आणि मधल्या वेळात हवामान आणि मसुराचे पीक यांखेरीज माझ्याशी काही बोलला नाहीस. ठीक आहे. मीही काही बोलले नाही. पण बराच वेळ तुझी पाठ आमच्याकडे होती, तेव्हा तुला जे दिसले नाही ते लिहिते.

तू उतारावर ट्रेलर मागे घेतलास आणि तो डावीकडे गेला. आर्विड खुर्चीतून उठला. मला वाटले, आता तुझे नाव घेईल. त्याने तुझ्याकडे पाहिलेच नाही. तो होडीपाशी गेला आणि मागच्या नव्या फळीवर तळहात ठेवून उभा राहिला. जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.

"छान ठेवलीय तुम्ही," तो म्हणाला. "माझ्या भावाकडे अश्शीच आहे."

तू तेव्हा दोर गुंडाळत होतास. गुंडाळून झालेला दोर तू सोडलास आणि पहिल्यापासून पुन्हा गुंडाळलास. हे मात्र मला दिसले.

दुपारी दोघे पाण्यावर काय बोललात ते मला माहीत नाही. दोन पिकरेल मासे आणलेत. नेटी म्हणाली, "तीन तास दोन माणसं, आणि दोन मासे? पीटर घरी बसून याहून जास्त धरायचा." त्यानंतर तू होडी काठावर ओढलीस. खुंटीच्या खूप खाली, ओल्या वाळूत. तिथेच सोडलीस आणि पाठ फिरवून मासे साफ करायला बसलास.

"मेडिसिन हॅटला राहून पार कॅल्गरीवाला झाला हा," नेटी माझ्या कानात म्हणाली. मी तिला चूप केले.

आर्विडने होडीकडे पाहिले. मग पाण्याकडे. मग वर लाकडांच्या ओळीकडे, आणि पुन्हा पाण्याकडे. कापणीच्या आधी गव्हाचा दाणा दाताखाली धरून तो जसा उभा राहायचा, तसा उभा होता. तो चेहरा मी दोन वर्षांत पाहिलेला नव्हता. तो गेला आणि खुंटी उपटली. मे महिन्यात नेटीने ठोकलेली, हे आता तिनेच कबूल केले आहे. चार पावले वर चढला, थांबला, एक पाऊल खाली उतरला, आणि दगडाने तिथे ठोकली. मग तुझ्याकडे आला. इथून पुढचे तू ऐकलेस, पण मला ते लिहायचे आहे.

"साहेब, होडी वर घ्या."

"का? पाऊस तर नाही," तू म्हणालास. तू मान वर केली नाहीस.

"पाऊस नाही म्हणून निजू नका. डोंगरातला बर्फ इथे जुलैत पोहोचतो."

"आणि नाही घेतली वर तर?"

"तर उद्या मासे तुमच्या होडीत बसतील आणि तुम्हाला गळाला लावतील."

शेजारच्या जागांवरचे लोक खुर्च्या वळवून बघत होते. नेटीने तोंडावर ताट पुसायचे फडके धरले होते. मग दोघांनी मिळून होडी वर ओढलीत. तो तुला 'गुडघे वाकवा, कंबर नको' असे सांगत होता आणि तू 'हो, हो' म्हणत होतास.

त्यानंतर त्याने तुझी खुर्ची उघडून तुझ्यापुढे ठेवली. "बसा. पण भाऊ आला की उठावं लागेल. त्याची आहे ती."

"उठेन," तू म्हणालास.

आणि त्याने थर्मासमधली कॉफी दुसऱ्या कपात ओतून तुला दिली.

सेल्मर, चौदाव्या वर्षापासून तू या काठावर होड्या ओढतो आहेस. ओल्या वाळूत होडी ठेवणारा तू नव्हेस. तू ती विसरून ठेवलीस की कसे, हे मी तुला कधीही विचारणार नाही.

रविवारी सकाळी काराग्यानाच्या आड आपली गाठ पडली, त्याबद्दल मी कुणाकडे बोलणार नाही. तूही बोलू नकोस.

खुर्ची पुन्हा विसरलास.

व्हर्ना


रविवार, १५ सप्टेंबर
गाव

सेल्मर,

ट्रेलर घरी आणला. तलाव उतरायला लागला आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाणी आर्विडच्या खुंटीच्या वीतभर खाली येऊन थांबले. नेटीने ठोकली होती ती जागा पाण्याखाली गेली, आणि तिच्या भरवशावर राहिलेल्या विसाव्या जागेवरच्या माणसाची छोटी होडी दुपारभर एकटीच तलावावर हिंडत होती. नेटीने त्याला पेरोगी देऊन मिटवले. मला वाटते तिचे मन त्या कापडाच्या दिवसापासून त्याच्याकडे होते. बरे आहे.

बर्फाचे आकडे यंदा मीच त्याला वाचून दाखवले होते, एप्रिलमध्ये. तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. ते कुठे जाऊन बसले होते आणि त्या शनिवारी कसे वर आले, याचे उत्तर माझ्या शास्त्रात नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले होते. खुंटी कुणाची, असे त्याने मला विचारले.

मंगळवारी त्याला वृद्धाश्रमात ठेवले. हा शब्द मला आवडत नाही. दुसरा सापडला नाही. खोली पश्चिमेची आहे. खिडकीतून कापलेले शेत दिसते आणि पलीकडे धान्याची कोठारे. पहिल्या दिवशी तो माझ्याबरोबर घरी निघाला होता, कोट घालून. दारातल्या परिचारिकेने त्याला कॉफी हवी का विचारले. "दोन कप," तो म्हणाला. तेवढ्यात मी निघाले.

मी रोज जाते. काल गेले तेव्हा तो शांत होता. मी त्याची नखे कापत होते.

"तो होडीवाला आला का परत?" त्याने विचारले.

"नाही अजून."

"चांगला माणूस. ट्रेलर डावीकडे नेतो, पण हाताला वळण आहे. कुणीतरी नीट शिकवलंय त्याला."

"कुणीतरी शिकवलं असेल," मी म्हटले.

थोड्या वेळाने म्हणाला, "त्याला ती खुर्ची देऊन टाक."

"कुठली?"

"निळी. सेल्मरची."

"सेल्मर रागावेल," मी म्हटले. मुद्दाम म्हटले. बारा वर्षे ती खुर्ची मी वाहिली आहे, मला ऐकायचे होते.

"छे. तो तसा नाही," आर्विड म्हणाला. "आणि विचारल्याशिवाय त्याने जन्मात कुणाची वस्तू उचललेली नाही. उलट तूच त्याला विचारून घे."

हे खरे नाही. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि त्या दिवशी मासेजेवणाला हजर असलेल्या सगळ्या कॅम्पला ठाऊक आहे. चुकीचे उत्तर मी आजवर कधी लाल रेघ मारल्याशिवाय जाऊ दिलेले नाही. हे जाऊ दिले. दुसऱ्या हाताची नखे कापली.

तर त्याने सांगितल्याप्रमाणे विचारते. खुर्ची त्या होडीवाल्याला दिली तर तुझी काही हरकत आहे का? नसली, तर ती दोन्ही बाजूंनी तुझीच झाली आणि जाळायचा प्रश्न उरला नाही.

एप्रिलमध्ये मी पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसणार आहे. सतरा नंबर सोडणार नाही. खुंटी माझ्याकडे आहे, पण मला नुसते आकडे वाचता येतात. काठावर उभे राहून जागा दिसत नाही. नेटीला तर मुळीच दिसत नाही. ज्याला दिसते असा एकच माणूस आता उरला आहे, आणि तो मेडिसिन हॅटला आहे.

तोवर रविवारी इथे ये. तो दुपारी जागा असतो. विचारलेच तर होडीवाला म्हणून सांग. जेवण मी घालणार आहे.

व्हर्ना